मनाचं दुखणं, माणसाचा मुलूख

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थकवा आणि अशक्तपणा यांनी बेजार झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. हे सगळे रुग्ण एका दाराने आत आले नव्हते. कुणी मनोविकार विभागात आलं होतं, कुणी मेडिसिनच्या, कुणी त्वचारोगाच्या, तर कुणी आयुर्वेदाच्या बाह्यरुग्ण विभागात. अंगात त्राण नाही, काम उरकत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, ही गाऱ्हाणी चारही ठिकाणी ऐकू येत होती. कारण विचारलं की अनेक जण टेन्शन, काळजी, डोक्यात सतत चालणारे विचार यांच्याकडे बोट दाखवत. म्हणजे आपल्या थकव्याचा मनाशी संबंध आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरीही कोणत्या डॉक्टरपुढे बसायचं, काय सांगायचं, काय गाळायचं, हे बहुतेकांचं घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं. घरच्यांचं मत, शेजारणीचा सल्ला, खिशातले पैसे, लग्नाला आलेली मुलगी, 'वेड्यांचा डॉक्टर' या शिक्क्याची धास्ती, असं बरंच काही त्या निर्णयात मिसळलेलं असतं. रोगाचं निदान दवाखान्यात होतं. दुखण्याचा अर्थ मात्र त्याआधीच लागलेला असतो. संस्कृती आणि मानसिक त्रास यांच्या नात्याचा विचार इथून सुरू करायला हवा.

या नात्याबद्दल एक सोपी समजूत फार प्रचलित आहे. मूळ आजार जगभर एकच, संस्कृती त्याला फक्त निरनिराळी नावं देते, तेव्हा नावं बाजूला सारली की खरा आजार हाती लागतो, अशी ती समजूत. ती अर्धवट आहे असं माझं म्हणणं आहे. त्रास कसा जाणवतो, तो कसा सांगितला जातो, मदत कुणाकडे मागितली जाते आणि बरं वाटलं म्हणजे काय झालं, या चारही ठिकाणी संस्कृती काम करत असते. आजार जितका तीव्र, तितका तो संस्कृतीपासून स्वतंत्र, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून सर्वांत तीव्र आजाराचंच उदाहरण घेऊ. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि त्यांच्या भारतीय व आफ्रिकी सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानाची राजधानी अक्रा आणि आपलं चेन्नई अशा तीन ठिकाणी कानात आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी २० रुग्णांशी सविस्तर बोलून पाहिलं. अमेरिकेतल्या रुग्णांना ऐकू येणारे आवाज बहुतेक परक्यांचे, हिंसेच्या गोष्टी करणारे होते, आणि ते म्हणजे आपल्या बिघडलेल्या मेंदूची खूण आहे असं ते रुग्ण सांगत. अक्रात अनेकांना देवाचा आवाज ऐकू येई. चेन्नईत अनेकांच्या कानात नातेवाईक बोलत. ते रागावत, टाकून बोलत, पण घरातली कामं करायलाही सांगत. या सर्वांचं निदान स्किझोफ्रेनियाच्या वर्गातलंच होतं. पण चेन्नईत, ज्या घरात माणूस लहानाचा मोठा झाला, त्या घरातली माणसं त्याच्या भासांत शिरली होती. भास कुणाचा व्हावा इथपर्यंत संस्कृतीचा हात पोचतो, तर रोजच्या उदासीची आणि काळजीची घडण तिच्यावाचून होत असेल असं मानणं कठीण आहे.

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाला वळण दिलं ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीची धग नुकतीच ओसरली होती तेव्हा, १९८० च्या सुमारास, हुनान प्रांतातल्या दवाखान्यात न्यूरास्थेनिया म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता असं निदान झालेले १०० रुग्ण त्यांनी तपासले. डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश, थकवा अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पाश्चात्त्य निकष लावले तर त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचा आजार होता. एवढ्यावर थांबून 'चिनी लोकांना आपलं नैराश्य ओळखता येत नाही' असा निष्कर्ष काढता आला असता. क्लाइनमन तिथे थांबले नाहीत. या माणसांनी राजकीय छळ, हद्दपारी, मोडलेली शिक्षणं, कुटुंबांची ताटातूट सोसली होती. 'मी निराश आहे' असं म्हणणं हा त्या काळात राजकीय गुन्हा ठरू शकत होता. डोकं दुखतं असं सांगायला मनाई नव्हती. शरीराची तक्रार ही त्यांना मिळालेली बोलण्याची सुरक्षित जागा होती. औषधांनी अनेकांची लक्षणं कमी झाली, पण नोकरीतली आणि घरातली कोंडी सुटेपर्यंत आपण बरे झालो असं त्यांतल्या कितीतरी जणांना वाटलं नाही. एका समाजात घडवलेला निदानाचा साचा दुसऱ्या समाजावर ठेवला, तिथेही तो भरला आणि म्हणून तो सर्वत्र खरा ठरला, या तर्कातली चूक क्लाइनमन यांनी तेव्हाच दाखवून दिली होती. निदान जुळलं तरी त्या माणसाच्या आयुष्यात त्या त्रासाचं काय चाललंय, हे कळायचं बाकीच असतं.

हाच प्रश्न आपल्या अंगणात किती गुंतागुंतीचा होतो ते गोव्यात झालेल्या एका संशोधनातून समजतं. अंगावरून पांढरं जाणं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी, घरोघरची तक्रार. तिच्यासोबत कंबरदुखी, हातापायांची जळजळ, अशक्तपणा, चक्कर ही लक्षणं येतात. सरकारी आरोग्यसेवेत या तक्रारीचा अर्थ बहुधा जंतुसंसर्ग असा लावला जातो आणि बाईच्या हाती गोळ्यांची पुडी पडते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या स्त्रियांची रीतसर पाहणी केली, तपासण्या केल्या, आणि त्यांना आढळलं की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मानसिक आणि सामाजिक ताणाशी जास्त जवळचं आहे. यातली बाई खोटं बोलत नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. तिला अशक्तपणा खरोखर जाणवतो. शरीरातलं सत्त्व झिरपून जातंय ही कल्पना तिला आईकडून, आजीकडून, आयुर्वेदाच्या लोकांत मुरलेल्या विचारातून मिळालेली आहे. नवरा दारू पितो, सासरी कुणी विचारत नाही, हे सांगून दवाखान्यात तिला काय मिळणार? 'पांढरं जातंय' म्हटलं की निदान तपासणी होते, घरचे दवाखान्यात येऊ देतात, दोन दिवस जड काम टळतं. तिच्या परिस्थितीत ही तक्रार शहाणपणाची आहे. डॉक्टरने मात्र ती ऐकून प्रतिजैविकं लिहून दिली, तर तिच्या भाषेचा मान राखल्यासारखं दिसतं आणि दुखणं जागच्या जागी राहतं. उलट, 'बाई, हे सगळं तुमच्या मनात आहे' असं म्हटलं, तर ती पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मेंदू सगळ्यांचा सारखाच आहे. लिथियम पुण्यात जसं काम करतं तसंच टोरांटोत. उन्मादाच्या झटक्यात घरादाराची वाताहत करणाऱ्या माणसाला आधी औषध हवं. त्याची सांस्कृतिक पार्श्वभूमी नंतर चर्चिता येईल. हे मला मान्य आहे. तीव्र मानसिक आजारांत औषधांनी जे साधलं ते शतकानुशतकांच्या उपायांना साधलं नव्हतं, आणि त्याबद्दल कृतज्ञता बाळगायला हवी. पण औषध काम करतं ते पोटात गेल्यावर. रुग्ण दवाखान्यात कधी येतो, गोळी किती दिवस घेतो, 'आता बरं वाटतंय' म्हणून ती कधी बंद करतो, 'या गोळ्यांनी उष्णता वाढते' म्हणून ती गुपचूप कचऱ्यात टाकतो का, हे रसायनशास्त्र ठरवत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्रस्त होते, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत रुग्ण उपचाराविना होते. मानसोपचारतज्ज्ञांची टंचाई हे यामागचं मोठं कारण आहेच. पण जिथे डॉक्टर आहे तिथेही लोक उशिरा येतात. मेंदू सारखा असल्याचा दाखला देऊन या उशिराचं उत्तर मिळत नाही.

दवाखान्यात उशिरा येणारे लोक त्याआधी कुठे असतात? पुष्कळदा देवळात, दर्ग्यात, मठात. या जागांबद्दल लिहिताना आपल्याकडे भक्तिभाव तरी येतो किंवा तिरस्कार तरी. प्रत्यक्ष तिथे जाऊन बसलेल्या संशोधकांनी जे टिपलं ते या दोन्हींत बसत नाही. विएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवस्थानाचा अभ्यास केला. मनोरुग्ण माणसाला घेऊन कुटुंबं तिथे मुक्कामाला येत. स्कल्टन्स यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. अंगात यायचं ते पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, त्याची काळजी घेणाऱ्या बाईच्या. आई किंवा बायको देवापुढे घुमायची, जमिनीवर लोळायची, आणि घरच्यांचा समज असा की त्यामुळे रुग्णावरची पीडा हलकी होते. आपल्या माणसाचं दुखणं माझ्यावर घाल, अशी प्रार्थना या बायका करीत. वर्षानुवर्षं आजारी मुलाचं करणाऱ्या आईला इतरत्र कुठेही मोठ्याने ओरडायची, रडायची, पडून राहायची सोय नव्हती; इथे ती होती, आणि तिला मान होता. पण त्या मानाची किंमतही तिनेच मोजायची होती. घरातल्या आजाराचं ओझं बाईने आपल्या अंगावर घ्यायचं, ही शिकवण या विधीत पक्की होत होती. दिलासा आणि जाच एकाच ठिकाणी होते. अशा जागेला सरसकट 'समाजाचा मानसोपचार' म्हणून गौरवणंही चूक, आणि निव्वळ भोंदूगिरी म्हणून झटकणंही.

तमिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात आर. रघुराम आणि सहकाऱ्यांनी २००० साली मुक्कामाला आलेल्या ३१ रुग्णांची पाहणी केली, तिचा अहवाल २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांची तीव्रता मोजपट्टीवर सुमारे २० टक्क्यांनी उतरली होती. त्या देवळात खास कुठले उतारे, मंत्रतंत्र नव्हते. राहायला जागा होती, सोबत घरचं माणूस होतं, हाताला थोडं काम होतं, आणि कुणी हिणवत नव्हतं. तुलनेला दुसरा गट नसलेला हा छोटा अभ्यास आहे. त्यावरून देवळात आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही. पण माणसाला माणसासारखं वागवलं तर त्याच्या लक्षणांवर परिणाम होतो, एवढं त्यातून दिसतं, आणि आपल्या कित्येक मनोरुग्णालयांनी शिकावी अशी ही गोष्ट आहे.

आता दुसरा आक्षेप, आणि महाराष्ट्रात तो हलक्यावारी घेता येणार नाही. संस्कृतीचा मान राखा असं म्हटलं की भगत-मांत्रिकांचं फावतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं आयुष्य ज्यांच्याविरुद्ध झुंज दिली, त्यांच्या हाती आपण कोलीत देत आहोत का? हा प्रश्न विचारणाऱ्याला एरवाडी आठवत असतं. तमिळनाडूतल्या या दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणारी खासगी वसतिगृहं होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एका झावळ्यांच्या शेडला आग लागली आणि २८ माणसं जळून मेली. ती पळू शकली नाहीत, कारण ती साखळीने बांधलेली होती. श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या उपचारांबद्दल बोलणाऱ्या कुणालाही या २८ जणांना वगळून बोलता येणार नाही. माझं उत्तर असं की कुणाचं म्हणणं समजून घेणं आणि त्याच्या हातची साखळी मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या कायद्याने हा फरक चांगला ओळखलेला आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं यांना गुन्हा ठरवतो. भजन, कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा यांना तो हातही लावत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला सरसकट बंदी केली आहे, मग ते बांधणं दर्ग्यात असो की रुग्णालयात. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. कारण कोंडणं, बांधणं, विवस्त्र ठेवणं हे प्रकार केवळ धर्मस्थळांत झालेले नाहीत.

श्रद्धेला धक्का न लावता उपचार कसे पोचवता येतात याचं एक उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम उभा राहिला. मुजावरांना तीव्र आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं, आवारातच दवाखाना सुरू झाला, आणि मुजावर स्वतःच भाविकाला सांगू लागले की दुआ इथे, गोळी तिथे. बुद्धिवाद्याला हे तडजोडीचं वाटेल. पण बाहेरच्या डॉक्टरने दहा वेळा सांगून जी गोळी घेतली नसती, ती मुजावराच्या एका शब्दावर घेतली जाते, हे नाकारण्यात रुग्णाचं हित नाही.

संस्कृतीचा कैवार घेणाऱ्यांना मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे. संस्कृती कुणाची? चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉ. आर. थारा यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या आणि नवऱ्याने टाकलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणारी बायको आणि आजारी बायकोला माहेरी पोचवून मोकळा होणारा नवरा, दोघंही एकाच संस्कृतीत वाढलेले. 'भारतीय कुटुंब रुग्णाला सांभाळतं' या वाक्यातलं कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात एक बाई असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेर नऊ देशांत सुरू केलेल्या अभ्यासात आग्र्यासारख्या ठिकाणी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा अधिक बरे होतात असं दिसलं, आणि त्याचं श्रेय आपण लगेच एकत्र कुटुंबपद्धतीला देऊन टाकलं. पुढे २००८ मध्ये अ‍ॅलेक्स कोहेन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतले पुरावे पुन्हा तपासून दाखवलं की हा निष्कर्ष इतका सरळ नाही. जातीचंही तसंच. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अपमान गिळत आली, त्यांच्या त्रासाला 'त्यांची संस्कृती' म्हणणं म्हणजे अन्यायाला सभ्य नाव देणं होय.

असाच आक्षेप शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात घेतला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी देशात आत्महत्या केल्या, त्यांतले ४,२४८ महाराष्ट्रातले. कापसाला भाव नाही, डोक्यावर सावकार, पाऊस दगा देतो. अशा वेळी नैराश्य आणि संस्कृती यांबद्दल बोलणं म्हणजे धोरणाचं पाप मनावर ढकलणं, असं अनेक कार्यकर्ते म्हणतात. त्यांचा संताप रास्त आहे. भावाचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही. पण कर्ज असलेले सगळे जण जीव देत नाहीत, आणि जो देतो तो पुष्कळदा मनातलं कुणाशी बोललेला नसतो. गड्याने रडायचं नाही, घरची अडचण चारचौघांत सांगायची नाही, ही रीत त्याला एकटं पाडते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमाने ही कोंडी फोडायचा प्रयत्न केला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं, लहान लहान बैठका घेतल्या, गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे पोचवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. भाव मिळेपर्यंत माणूस जगायलाही हवा.

अशा कामांवरून हेही उघड होतं की संस्कृती म्हणजे फक्त जुनंपुराणं नव्हे. ती रोज नवी घडते, आणि ती घडवता येते. गोव्यातल्या 'संगत' संस्थेने मानस प्रकल्पात डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, साध्या शिकलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. त्यांनी रुग्णापुढे डिप्रेशन हा शिक्का नेला नाही. ताण आलाय, झोप लागत नाही, इथपासून बोलणं सुरू केलं. सरकारी आरोग्यकेंद्रांत या पद्धतीने रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढल्याचं २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. कॅलगरीत स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णांचे नातेवाईक तिथे एकमेकांना भेटू लागले. २००४ च्या 'देवराई' या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने हा आजार मराठी घरांत जेवणाच्या ताटावर बोलण्याचा विषय केला. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून हेच काम करते आहे. ही सगळी मराठी संस्कृतीच आहे, अंगात येण्याइतकीच अस्सल.

मग डॉक्टरने, समुपदेशकाने, आशाताईने करायचं काय? अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली. तिची चाचणी ज्या देशांत झाली त्यांत भारत होता आणि पुणे हे त्यातलं एक केंद्र. प्रश्न साधे आहेत. तुम्हाला काय होतंय, तुम्ही याला काय म्हणता? कशामुळे झालं असं वाटतं? घरच्यांना काय वाटतं? आजवर काय काय करून पाहिलं? आता कसली मदत मिळाली तर बरं होईल? गर्दीच्या ओपीडीत सगळे १६ प्रश्न विचारायला वेळ नसतो, हे खरं. पण त्यातले दोन विचारायला दोन मिनिटं पुरतात. देवाचं केलं असेल तर रुग्णाने ते न लाजता सांगावं, आणि डॉक्टरने ते न हसता ऐकावं. वैद्यकीय महाविद्यालयांनी हे विचारायला शिकवावं आणि परीक्षेत त्याला गुण ठेवावेत.

वाचकालाही एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणी महिनोन्‌महिने थकलेलं असेल, सतत अंग दुखतं म्हणत असेल, झोप उडाली असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून विषय संपवू नका. बसा, आणि त्याचं त्याच्या शब्दांत ऐका. जगण्यात राम नाही असं तो बोलून दाखवत असेल तर एकटं सोडू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.